नवीन ग्राफिक कार्ड टाकलं तरी गेम अडकतोच? दुकानदाराशी भांडायच्या आधी हे बघा

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, त्यामुळे म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकू, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवायचं. प्रश्न असा की जुनं ग्राफिक कार्ड काढलं, नवीन टाकलं, पंचवीस-तीस हजार गेले आणि गेम आहे तसाच, कधीकधी तर आधीपेक्षा जास्त अडकतो. मग कुणीतरी सांगतं ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) परत टाक, तो टाकतो, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी परत तोच लोचा.

यावेळची केस घरातलीच. माझा मावसभाऊ, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, त्याच्याकडे आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० हे सहा जीबीवालं ग्राफिक कार्ड. बोनस आला तसा गडी सरळ ग्रँट रोडला उतरला, लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरची तीन-चार दुकानं फिरला आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे नवीन कार्ड घेऊन आला. रात्री साडेअकराला फोन. "दादा, फसवलं रे मला, डुप्लिकेट माल दिला." म्हटलं बिल आहे ना? बिल होतं. मग म्हटलं झोप आता, रविवारी येतो.

आता डुप्लिकेटचा मुद्दा पहिला संपवून टाकतो कारण सगळ्यांच्या डोक्यात तोच पहिला येतो. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, इवलंसं, ते उघडायचं. ४०६० असेल तर त्यात चिप एडी१०७, शेडर (चिपमधले छोटे कोअर) ३०७२, मेमरी ८ जीबी जीडीडीआर६ आणि बस (चिप आणि तिच्या मेमरीमधला रस्ता) १२८ बिट दिसायला पाहिजे. जुन्या चिपवर नवीन नाव चढवून विकलेलं कार्ड असेल तर २०१८ पासून हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा नावाच्या आधी फेक असंच लिहून दाखवतं. सेकंडहॅन्ड घेणाऱ्यांनी एएमडीच्या आरएक्स ५८० कार्डाच्या बाबतीत जास्त जपा, कारण ५८० मध्ये २३०४ शेडर असतात आणि २०४८एसपी नावाचं एक भावंड बाजारात फिरतं, ते प्रत्यक्षात ५७० च्या लायकीचं, बॉक्सवर मात्र ५८० मोठ्या अक्षरात आणि २०४८एसपी असेल-नसेल. आमच्या भाऊसाहेबांचं कार्ड एकदम ओरिजिनल निघालं. दुकानदाराला दिलेल्या शिव्या फुकट गेल्या.

मग ड्रायव्हर. हे करायचंच, पण नीट करायचं. डीडीयू नावाचं सॉफ्टवेअर वापरून सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा आणि त्याआधी वायफाय बंद करायचं, कारण तुम्ही रीस्टार्ट करेपर्यंत विंडोज मध्येच शहाणपणा करून स्वतःचा कुठलातरी ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. आम्ही केलं. फरक पडल्यासारखा वाटला. हे "वाटलं" फार वाईट असतं, कारण नवीन ड्रायव्हरनंतर माणूस नवीन गेम लावतो, नवीन सेटिंग ठेवतो, आणि कशाची तुलना कशाशी चाललीय हेच विसरून जातो.

अजून एक, लाज वाटेल पण विचारतोच: मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय ना? बोर्डाला नाही ना? गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका मित्राकडे मी तासभर बायोस (बोर्डाची मूळ सेटिंग) उकरत बसलो होतो आणि एचडीएमआय केबल मागे बोर्डाच्या पोर्टात होती.

हे सगळं झाल्यावर मग खरी तपासणी. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही दोन सॉफ्टवेअर टाकली, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले: जीपीयू (म्हणजे ग्राफिक कार्ड) किती टक्के कामात आहे, सीपीयूचा (म्हणजे प्रोसेसरचा) प्रत्येक कोअर किती टक्के, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरली, फ्रेमटाइम (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, बनायला लागलेला वेळ) किती. गेम चालू केला, शहरात गाडी पळवली. जीपीयू ५५ ते ६० टक्के. सीपीयूचे चारही कोअर ९८, १००, ९९, १००. म्हणजे कार्ड बिचारं रिकामं बसलंय, कामच येत नाहीये त्याच्याकडे. आय५ ४४६० हा २०१४ चा प्रोसेसर, चार कोअर, चारच थ्रेड. त्याने फ्रेमची तयारी करून दिली की कार्ड रंगवणार, आणि ह्याचीच तयारी होत नसेल तर पुढे ४०६० ठेवा नाहीतर त्याहून महागडं ४०९० ठेवा, फरक नाही.

ज्यांना आकडेबिकडे लावायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सोपी टेस्ट. गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात) झपकन वाढला तर कार्ड कमी पडत होतं. एफपीएस जागच्या जागी राहिला तर कार्डाचा काही संबंध नाही, सीपीयू किंवा रॅम अडकवतेय. एक रुपया खर्च न करता दोन मिनिटांत कळतं, आणि कार्ड घ्यायच्या आधी ही टेस्ट केली तर पैसे पण वाचतात, पण आधी कोण विचारतो. पैसे गेले की मग फोन येतो.

पण इथे एक गोष्ट मला खटकत होती. सीपीयू अडकवत असेल तर नवीन कार्डावर गेम जुन्याइतकाच चालायला पाहिजे. जास्त वाईट का व्हावा? आणि भाऊ शपथेवर सांगत होता की आधी असे झटके बसत नव्हते, आता वीस-पंचवीस मिनिटं खेळलं की गाडी वळवताना सगळं अर्धा सेकंद गोठतं. मी पहिल्यांदा म्हटलं तुझा भास आहे. नव्हता.

उत्तर जीपीयू-झेडमध्येच होतं, बस इंटरफेस नावाच्या ओळीत, जी मी आधी बघूनही वाचली नव्हती. तिथे लिहिलेलं: पीसीआयई एक्स८ ४.०, चालतंय एक्स८ २.० वर. पीसीआयई म्हणजे बोर्ड आणि कार्डामधला रस्ता, एक्स८ म्हणजे त्याच्या आठ लेन, आणि २.०, ४.० ही त्याची पिढी, जितकी नवी तितकी वेगवान. झालं, डोक्यात प्रकाश पडला. एच८१ हा २०१३ चा सगळ्यात स्वस्त चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप), त्याच्या ग्राफिक स्लॉटला पीसीआयई २.० च मिळतं. प्रोसेसर ३.० देऊ शकतो तरी बोर्ड देत नाही, हाच बोर्ड बी८५ चिपसेटचा असता तर ३.० मिळालं असतं. २.० च्या एका लेनमधून सेकंदाला साधारण ५०० एमबी जातात. जुनं १०६० हे सोळा लेनचं कार्ड होतं, म्हणजे त्याला ८ जीबी मिळत होते. नवीन ४०६० ला आठच लेन दिल्यात. पीसीआयई ४.० वर आठ लेन म्हणजे जवळपास १६ जीबी, कुणाला काही कळत पण नाही. पण २.० च्या स्लॉटमध्ये आठ लेन म्हणजे सेकंदाला ४ जीबी. म्हणजे नवीन कार्डाला जुन्याच्या निम्माच रस्ता! बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची झाली पण पूल तोच, आणि वर त्या पुलाचा अर्धा भाग दुरुस्तीसाठी पत्रे लावून बंद, असा प्रकार.

आता हा अरुंद पूल दरवेळी नडत नाही. गेमचा माल कार्डाच्या व्हीरॅममध्ये एकदा भरला की मग कार्ड तिथूनच उचलतं, तिथे ४०६० चा वेग सेकंदाला २७२ जीबी आहे, १०६० चा १९२ होता. नडतं कधी, तर व्हीरॅम फुल्ल झाली आणि कार्डाला सारखं सिस्टिमच्या रॅमकडे हात पसरायला लागला की. आणि आमच्या भावाने काय केलेलं? १०६० वर टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) मीडियमला ठेवून खेळायचा, नवीन कार्ड आल्या आल्या सगळं अल्ट्रा, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं सेटिंग) पण चालू. वीस मिनिटांत ८ जीबी भरली, मग प्रत्येक वळणावर नवीन टेक्स्चर त्या ४ जीबीच्या पुलावरून. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं, रे ट्रेसिंग बंद केलं, झटके नव्वद टक्के गेले. एफपीएस फारसा वाढला नाही कारण सीपीयू तोच, पण गेम गुळगुळीत झाला.

हे फक्त ४०६० चं नाही हं. आरएक्स ६६०० पण आठ लेनचं. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, ४ जीबी मेमरीवालं, २०२२ चं कार्ड, आणि ३.० च्या बोर्डावर २०१७ चं आठ जीबीवालं आरएक्स ५८० त्याला कित्येक गेममध्ये मागे टाकतं. एएमडीचा रायझन ५६००जी प्रोसेसर घेतलेल्यांनी पण कान इकडे करा: बोर्ड बी५५० असला तरी त्या प्रोसेसरमधून ३.० च मिळतं. आणि इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचा विचार असेल तर ते रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मशीनवर फारच पडतं, इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर ठेवा म्हणून सांगते. एएमडी आणि एनव्हिडियाचं कार्ड बार नसला तरी बऱ्यापैकी चालतं.

इथपर्यंत झालं आणि मला वाटलं सुटलो. जुलैमध्ये परत फोन. "दादा, परत तेच." टेक्स्चर वाढवलं का? नाही. काही नवीन टाकलं का? नाही. गेलो. पाऊस असा की घाटकोपरला गाडी अर्धा तास उभी. जीपीयू-झेड उघडलं तर बस इंटरफेसमध्ये एक्स८ च्या जागी एक्स१. एक लेन! ५०० एमबी! कार्ड काढलं, परत बसवलं, एक्स८. तीन आठवड्यांनी परत एक्स१.

इथे कारण दोन होती आणि दोन्ही एकत्र. एक म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तिथे दहा वर्षं जुन्या स्लॉटच्या पट्ट्यांवर गंज नाही तरी एक बारीक थर चढतोच, त्यात धूळ. दुसरं म्हणजे ४०६० चं हे मॉडेल दोन पंख्यांचं, जुन्या १०६० पेक्षा लांब, ते स्क्रू फक्त एका बाजूला लावलेलं असल्यामुळे टोकाकडून खाली झुकलेलं. मशीन चालू होताना कार्ड आणि बोर्ड आपापसात ठरवतात किती लेन नीट लागतायत, आणि लागत नसतील तर गुपचूप कमीवर चालू होतात. एरर नाही, आवाज नाही, डिस्प्ले छान येतो. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय तोच जो लॅमिंग्टन रोडचा प्रत्येक रिपेअरवाला तुमच्यासमोर करतो आणि तीनशे रुपये घेतो. मशीन बंद, वायर भिंतीतून काढायची, पॉवर बटण दाबून धरायचं म्हणजे उरलेला करंट जातो, कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने. शाईचा खरखरीत रबर नाही, तो सोन्याचा मुलामाच काढतो. चुरा झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, वाळू द्यायचं. स्लॉटमध्ये ब्लोअर मारायचा, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी जाते राव आत. परत बसवताना स्लॉटचं कुलूप टक् वाजलं पाहिजे, स्क्रू दोन्ही लावायचे, आणि टोकाखाली कायतरी टेकू. आम्ही कॅरमची सोंगटी चिकटवलेली पट्टी लावलीय, दिसायला भिकार आहे पण त्यानंतर उरलेला पावसाळा गेला, एक्स८ हललं नाही.

जाता जाता गरमीचं पण सांगतो, कारण मे महिन्यात येणारे फोन वेगळे असतात. परदेशातले रिव्ह्यू एसी लॅबमध्ये होतात, आपली खोली दुपारी ३४-३५. खोली जितकी तापते साधारण तितकंच कार्डाचं तापमान वर सरकतं. जुनी १०६०, १०७० वाली कार्डं ८३ डिग्रीच्या आसपास पोचली की स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) कमी करतात. जीपीयू-झेडच्या सेन्सर टॅबमध्ये परफकॅप रीझन म्हणून ओळ आहे, तिथे थर्मल दिसलं तर कार्ड तापलंय, पॉवर दिसलं तर ठरवून दिलेली वॅटची मर्यादा आलीय (हे नॉर्मल आहे), युटिल दिसलं तर कार्डाला कामच नाही. मावशीकडे थर्मलचं कारण कॅबिनेटवर घातलेलं प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं कव्हर निघालं, समोरून वर केलेलं आणि मागून गरम हवा बाहेर पडते तिथे पूर्ण झाकलेलं. "धूळ बसते रे म्हणून घातलं." बरोबर आहे, धूळ बसतेच.

आता जुन्या-नव्या कार्डाची तुलना कशी करायची हे, कारण मूळ गोंधळ तिथेच आहे. कोअर मोजून तुलना करू नका. आरटीएक्स २०६० मध्ये १९२० कोअर, ३०६० मध्ये ३५८४, जवळपास दुप्पट, पण गेममध्ये दुप्पट सोडाच, फरक थोडकाच, कारण मध्ये कोअर मोजायची पद्धतच बदलली. १०८० टीआय मध्ये पण बरोब्बर ३५८४ च कोअर, २०१७ चं कार्ड, ३५२ बिटची बस, ११ जीबी, २५० वॅट. ११५ वॅटवालं १२८ बिटचं ४०६० त्याच्या आसपासच खेळतं, कधी हे पुढे कधी ते. बस अरुंद आहे म्हणून ४०६० ला नावं ठेवणारे विसरतात की त्यात २४ एमबी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी) आहे, ३०६० मध्ये ३ एमबी होती, त्यामुळे मेमरीकडे धावावंच कमी लागतं. पण ८ जीबी भरली की मात्र १२ जीबीवालं ३०६० पुढे निघून जातं. आणि एकाच नावाखाली पण झोल असतो, जीटी १०३० दोन प्रकारचं आहे, जीडीडीआर५ वालं सेकंदाला ४८ जीबीचं आणि डीडीआर४ वालं १७ पण धड नाही. बॉक्सवर नाव सेम.

कंपनीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या आलेखावर तर अजिबात जाऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून आरटीएक्स ५०७० ला ४०९० ची ताकद म्हणून सांगितलं, ५४९ डॉलरमध्ये. ती ताकद फ्रेम जनरेशनने (खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयने बनवलेल्या फ्रेम टाकायची सोय) मध्ये घुसवलेल्या फ्रेम मोजून. त्याच ५० मालिकेत सुरुवातीला ३२ बिट फिजएक्स (गेममधला धूर, कापड, तुकडे खऱ्यासारखे हलवणारी सोय) काढून टाकलेलं, त्यामुळे काही जुने गेम फिजएक्स लावल्यावर जुन्या कार्डापेक्षा हळू चालायला लागले. नवीन म्हणजे सगळीकडेच फास्ट असं नसतं.

घरी टेस्ट करताना तोच गेम, तेच सेटिंग, गेममध्ये बेंचमार्क दिलेला असेल तर तोच, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद, फ्रेम जनरेशन बंद, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणारी सोय) दोन्हीकडे बंद. पहिला रन सोडून द्यायचा कारण नवीन कार्डावर गेमचे शेडर (इथे अर्थ वेगळा, चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) परत तयार होतात आणि तेव्हा झटके बसणारच, नंतरचे तीन घ्यायचे. आणि सरासरी एफपीएसच्या नादी न लागता एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघा. साठ एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. सरासरी ७५ दाखवतो पण मध्येच एक फ्रेम १२० मिलिसेकंद घेते, तिथेच तुम्हाला झटका बसतो, आणि सरासरीत तो कुठे दिसतच नाही.

शेवटी दिवाळीत भावाने आय३ १२१००एफ प्रोसेसर आणि एच६१० चा बोर्ड घेतला, ८-८ जीबीच्या रॅमच्या दोन डीडीआर४ कांड्या, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही कांड्या एकत्र काम करतात). ४०६० त्यात बसवलं, एक्स८ ४.०, जीपीयू ९६-९७ टक्के, झटके गायब. मग मला खाज आली म्हणून जुनं १०६० पण त्याच नवीन बोर्डावर लावून तोच बेंचमार्क चालवला. तर काय, ते पण आधीपेक्षा जोरात! सरासरीत थोडा फरक, एक टक्का लो मध्ये चांगलाच. म्हणजे इतकी वर्षं तो सीपीयू त्याला पण अडकवत होता आणि आम्ही १०६० म्हातारं झालं म्हणत होतो. भाऊ दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे मी आधी बोर्ड घेतला असता तर..." मी म्हटलं जाऊदे, फराळ कर.

१०६० आता परत त्याच एच८१ वर बसवून त्याच्या धाकट्या बहिणीला दिलंय, सोळा लेन, २.०, मजेत चालतं. एनव्हिडियाने त्या पिढीचे नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, सिक्युरिटीचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील, तिला तेवढं बास.

तुमचं पण असं काही असेल तर मला जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवा, पण बस इंटरफेसच्या शेजारी प्रश्नचिन्ह आहे ते दाबून रेंडर टेस्ट चालू ठेवून काढा. नाहीतर कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला १.१ वर उतरतं, ते बघून तुम्ही घाबरणार, आणि रात्री साडेअकराला मला फोन येणार. आणि हो, बहिणीच्या मशीनवर मावशीने कव्हर परत घातलंय.